गोष्टीच्या पानावरचे अनोळखी शब्द

इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, त्याला इंग्रजी कथा वाचता यावी यासाठी कोणते शब्द आधी शिकवावेत, किती शिकवावेत आणि ते कोणत्या बेताने पानावर आणावेत, याचा पद्धतशीर विचार सुरू होऊन जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. या विचाराची मुख्य केंद्रे लंडन किंवा ऑक्सफर्ड नव्हती. ढाक्याचे एक शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय आणि टोकियोतली एक संशोधन संस्था येथे तो आकाराला आला. म्हणजे इंग्रजी अडणारी मुले जिथे रोज समोर बसलेली असत, तिथे.

त्याआधी शब्द शिकवले जात नव्हते असे नाही. उलट भरमसाट शिकवले जात. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातला मुलगा इंग्रजी शिकू लागला की त्याच्या हाती क्रमिक पुस्तक, व्याकरण आणि जमल्यास कोश येई. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि थॉमस कँडी यांनी तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या शतकाच्या आरंभी नी. बा. रानडे यांचा अधिक विस्तृत कोश आला. मराठी गद्य आणि भाषांतर या दोहोंवर या कोशकारांचे ऋण मोठे आहे. पण कोणत्याही कोशात सगळे शब्द एकाच रांगेत आणि एकाच मानाने उभे असतात. रोज लागणारा शब्द कोणता आणि दहा वर्षांत एकदाच भेटणारा कोणता, हे तिथे कळत नाही. क्रमिक पुस्तकांतही जुन्या वाङ्मयातले वेचे असत. परिणामी धड्याखालचे कठीण शब्द अर्थासकट घोकणे हाच शिरस्ता पडला. घोकलेला शब्द परीक्षेत उतरवता येई, पण तोच शब्द दुसऱ्या गोष्टीत भेटला की चेहरा ओळखीचा वाटूनही वाक्य लागत नसे.

शब्दांची वारंवारता मोजण्याची कल्पना वाचनासाठी निघालेली नव्हती. जर्मनीत केडिंग यांनी १८९७-९८ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची मोजणी प्रसिद्ध केली, ती लघुलेखनाच्या सोयीसाठी. इंग्रजीत हे काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी केले. बालवाङ्मय, बायबल, अभिजात साहित्य, शालेय पुस्तके, वृत्तपत्रे, पत्रे असा मजकूर मोजून त्यांनी १९२१ मध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १०,००० शब्दांची यादी काढली. पुढे १९३१ मध्ये ती २०,००० वर गेली आणि १९४४ मध्ये अर्व्हिंग लॉर्ज यांच्या साथीने ३०,००० वर. ही यादी मुळात अमेरिकी शिक्षकांसाठी होती. ज्याला इंग्रजी घरात ऐकायलाच मिळत नाही अशा मुलाचा विचार तिच्यात नव्हता. शिवाय एखादा शब्द किती वेळा आला एवढेच ती सांगे. कोणत्या अर्थाने आला, हे सांगत नसे. तरीही शब्दाशब्दांत उपयोगाचा फरक असतो आणि तो आकड्यांत दाखवता येतो, ही गोष्ट तिच्यामुळे शिक्षकांच्या हाती आली.

मायकेल वेस्ट १९१२ मध्ये भारतीय शिक्षण सेवेत दाखल होऊन बंगालमध्ये आले आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बंगाली मुले इंग्रजीवर वर्षानुवर्षे घालवतात, पण त्यांतली बहुतेक मुले शिक्षण पुरे होण्याआधीच शाळा सोडतात, हे त्यांनी पाहिले. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विभाषिकतेवरील अहवालात यासाठी विम्याच्या व्यवहारातली एक संज्ञा येते: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडते, तसे शाळा मध्येच सुटली तर मुलाच्या पदरात काय पडते? बोलणे अर्धवट शिकले तर ते पुढे जिरून जाते. वाचन थोडे जरी आले, तरी माणूस ते स्वतः वाढवू शकतो. म्हणून इंग्रजी आधी वाचनासाठी शिकवावे, असा वेस्ट यांचा निष्कर्ष होता. साम्राज्याच्या नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याने इंग्रजीचे मोल शिकणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावे, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

मग त्यांनी मुलांच्या हातातली पुस्तके तपासली. त्यांत दोन दोष होते. पहिला दोष शब्दांच्या निवडीचा. वाचनपुस्तकांत 'प्लाइट', 'मोड', 'आइल', 'नॉट', 'इअर', 'ग्रूम' असे जुने किंवा पुस्तकी शब्द सर्रास येत. इथला 'नॉट' म्हणजे शून्य किंवा काहीही नाही, आणि 'इअर' म्हणजे पूर्वी. वेस्ट यांनी त्यांच्या जागी अनुक्रमे 'स्टेट', 'वे', 'आयलंड', 'नथिंग', 'बिफोर', 'सर्व्हंट' हे रोजच्या वापरातले शब्द घातले. बदल किरकोळ दिसतो. पण 'आइल' शिकलेल्या मुलाला तो शब्द पुन्हा भेटण्याची शक्यता थोडी, तर 'आयलंड' शिकलेल्याला तो पुढच्या पुस्तकात, नकाशात, वर्तमानपत्रात भेटत राहणार. श्रम तेवढेच, फळ अनेकपट.

दुसरा दोष शब्दांच्या वाटपाचा होता, आणि वेस्ट यांचे खरे मोठेपण इथे आहे. नवे शब्द एका ओळीत चार-चार कोंबले तर मुलाचे लक्ष गोष्टीवरून उडते आणि वाचनाचे शब्द उकलण्याच्या कवायतीत रूपांतर होते. म्हणून ओळखीच्या साधारण पन्नास शब्दांमागे एकच नवा शब्द यावा आणि आलेला शब्द लगोलग अनेकदा परतून यावा, असा दंडक त्यांनी घातला. तीनशे शब्दांच्या पानाला हा हिशेब लावला तर पानावर सहाच नवे शब्द येतात. मजकुरातून नव्या शब्दाचा अंदाज बांधायला तेवढा सैलपणा लागतो. या तत्त्वावर रचलेली 'न्यू मेथड रीडर्स' ही त्यांची माला लाँगमन्स, ग्रीन या प्रकाशनाने काढली आणि ती बंगालबाहेर आशिया-आफ्रिकेतल्या शाळांपर्यंत पोचली. १९३५ मध्ये वेस्ट आणि जे. जी. एंडिकॉट यांचा कोश आला. त्यात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार अवघ्या १,४९० शब्दांच्या आत समजावलेले आहेत. अर्थ पाहायला गेलेल्या मुलाला तो अर्थ समजण्यासाठी आणखी एक कोश उघडावा लागू नये, एवढा साधा हेतू त्यामागे होता.

त्याच सुमारास टोकियोत हॅरॉल्ड पामर काम करत होते. जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून ते १९२२ मध्ये तिथे गेले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी त्यांनी संस्था उभारली. नुसत्या मोजणीवर त्यांचा भरवसा नव्हता. एखादा शब्द यादीत खाली असूनही वर्गात आवश्यक असू शकतो, आणि शब्द एकेकटे नव्हे तर ठरावीक सोबत्यांसह वावरतात, हे त्यांचे म्हणणे होते. १९३३ मध्ये त्यांच्या संस्थेने अशा सोबतीच्या शब्दसमूहांवर स्वतंत्र अहवाल काढला. गोष्ट वाचताना बहुतेक वेळा अडते ते इथेच. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा, पण दोन-तीन शब्द मिळून झालेला अर्थ मात्र अनोळखी.

मोजणीवाले आणि अनुभववाले या दोन्ही बाजूंना १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने झालेल्या परिषदेने एकत्र आणले. थॉर्नडाइक, पामर, वेस्ट आणि लॉरेन्स फॉसेट यांच्या नावाने १९३६ मध्ये त्या कामाचा अंतरिम अहवाल निघाला. मध्ये महायुद्ध आले. वेस्ट यांनी संपादित केलेली सुमारे २,००० शब्दांची अंतिम यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. शब्द कोणकोणत्या अर्थांनी येतो आणि त्यांतल्या प्रत्येक अर्थाचा वाटा किती टक्के, हेही या यादीत दिलेले होते. थॉर्नडाइक यांच्या यादीतली उणीव तिने भरून काढली, आणि पुढची कित्येक दशके सोप्या इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांना तिचा आधार राहिला.

याच काळातला सी. के. ऑग्डेन यांचा 'बेसिक इंग्लिश'चा प्रयोग बराच गाजला. १९३० मध्ये त्यांनी ८५० शब्दांत, आणि क्रियापदे तर अवघी अठरा ठेवून, सगळा व्यवहार चालवता येईल असे मांडले. चर्चिल यांनी १९४३ मध्ये त्याचा जाहीर पुरस्कारही केला. गोष्टीसाठी ही रचना निरुपयोगी होती. पात्र कुजबुजते, पुटपुटते, ओरडते, कण्हते, यांतला भेदच कथेला प्राण देतो. प्रत्येक ठिकाणी 'अशा-अशा आवाजात म्हणाला' असे लिहावे लागले तर निरोप पोचतो, माणूस हरवतो. वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्येच या प्रयोगाची कठोर चिकित्सा केली होती.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा मार्ग निराळा होता. ते १९२४ मध्ये जपानमधल्या एका उच्च वाणिज्य विद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवायला गेले आणि विद्यार्थ्यांना साहित्याआधी भाषेचीच गरज आहे, असे त्यांना आढळले. पामर यांच्या कामात ते सामील झाले. १९३६ मध्ये पामर जपान सोडून गेल्यावर कामाची धुरा त्यांच्याकडे आली. गेटनबी आणि वेकफिल्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी परभाषिक विद्यार्थ्यासाठी कोश रचला. तो १९४२ मध्ये, भर युद्धात, टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने काढला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तोच ग्रंथ पुन्हा छापला आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो 'अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने जगभर गेला. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही तो इंग्रजीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असे. मातृभाषिकांसाठीचा कोश शब्दाचा इतिहास आणि दुर्मीळ अर्थ पुरवतो. हॉर्नबी यांच्या कोशात क्रियापद कोणत्या रचनेत चालते, नामाला अनेकवचन लागते की नाही, हे आधी दाखवलेले असे आणि अर्थाला उदाहरणवाक्याची जोड असे. वाक्य कुठे अडले ते वाचकाला अशा नोंदीत सापडते.

या सगळ्या कामात एक मोठी दरी मात्र राहून गेली. सोप्या पुस्तकांची शिडी दोन हजार शब्दांपाशी संपे, आणि मूळ कथा-कादंबरी त्याच्या कितीतरी पुढे सुरू होई. शाळेतली सोपी पुस्तके सहज वाचणारा विद्यार्थी महाविद्यालयात हार्डी किंवा कॉनरॅडसमोर हतबल होई, त्याचे कारण हे होते. लाँगमन्सच्या 'ब्रिज सिरीज'ने या दरीवर पूल टाकण्याचा प्रयत्न केला. तिची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. थॉर्नडाइक आणि लॉर्ज यांच्या यादीतल्या पहिल्या ७,००० शब्दांबाहेरचे शब्द शक्यतो बदलायचे. पहिल्या ३,००० बाहेरचे जे शब्द राहतील त्यांचे अर्थ पुस्तकाच्या अखेरीस द्यायचे, आणि दर १,००० शब्दांत असे २५ पेक्षा जास्त शब्द येऊ द्यायचे नाहीत. वाक्यरचनेला फारसा हात लावायचा नाही. लेखकाची शैली जपून वाचकाचा भार हलका करण्याचा हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल. पण अशी पुस्तके मोजकीच निघाली.

ती दरी बाजारातल्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकांनी भरून काढल्याचा समज पसरला. 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये विल्फ्रेड फंक यांचे शब्दसामर्थ्याचे सदर १९४५ पासून येऊ लागले, आणि नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ मध्ये आले. हे पुस्तक आजही स्पर्धापरीक्षा देणाऱ्यांच्या हाती आणि पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे दिसते. लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्द उलगडण्याची त्यातली रीत निबंध, अग्रलेख आणि परीक्षा यांना उपयोगी पडते. कथेतले अवघड शब्द बहुधा वेगळ्या कुळातले असतात. नजर टाकणे, खांदे उडवणे, कपाळाला आठ्या घालणे, पाय ओढत चालणे, दार करकरणे, पडदा फडफडणे यांसाठीचे शब्द इंग्रजीत आखूड आणि घरगुती आहेत आणि बऱ्याचदा त्यांना धातूंचा धागाच सापडत नाही. कॅथरीन मॅन्सफिल्ड यांची एखादी कथा घेतली तर तत्त्वज्ञानाचे बोजड शब्द जवळपास आढळत नाहीत. अडतात ती कपड्यांची, फुलांची, घरातल्या वस्तूंची नावे आणि हालचालींची क्रियापदे. हा फरक पुढे आकड्यांतही दिसला. न्यूझीलंडमधल्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनातल्या ५७० शब्दकुलांची यादी केली. एकाच मुळापासून झालेल्या रूपांचा गट म्हणजे शब्दकुल. ही कुले विद्यापीठीय मजकुराचा सुमारे १० टक्के भाग व्यापतात. तेवढ्याच लांबीच्या कथात्मक मजकुरात मात्र त्यांचा वाटा १.४ टक्केच भरला. अभ्यासाचे इंग्रजी पक्के असलेला माणूस लघुकथेत का अडखळतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत मिळते.

गोष्टीतले शब्द गोष्टीतूनच कितपत शिकता येतात, याची एक सुंदर परीक्षा १९७८ मध्ये झाली. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीतली तरुण टोळी रशियनवरून बनवलेले शब्द वापरते. असे २४१ शब्द पुस्तकात आहेत आणि ते सरासरी पंधरा वेळा येतात. सारागी, नेशन आणि माइस्टर यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना शब्दसूची नसलेली प्रत वाचायला दिली. पुढे आकलनाची परीक्षा होईल, एवढेच त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात वाचून झाल्यावर त्यांना त्यांतल्या ९० शब्दांचे अर्थ विचारले गेले. सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. ज्यांनी हे शब्द आधी कधीच ऐकले नव्हते, त्यांनी ते कोशाविना, घोकंपट्टीविना, कथानकाच्या ओघात आत्मसात केले होते. अर्थात त्यांना पानावरचे बाकी सगळे शब्द येत होते. परभाषिक वाचकाला ती सोय नसते.

मोजणीची साधनेही दरम्यान बदलली. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात १९६१ च्या छापील मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने घेऊन १० लाख शब्दांचा संगणकीय संग्रह तयार झाला. त्याच घाटाचा भारतीय इंग्रजीचा संग्रह कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्यासाठी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला मजकूर निवडण्यात आला आणि ऐंशीच्या दशकात काम पुरे झाले. जगभरचे भाषाभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखतात. त्यात भारतीय लेखकांच्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांचे नमुने आहेत, हे इथे महत्त्वाचे. इंग्लंड-अमेरिकेतल्या मजकुरावरून काढलेली वारंवारता भारतीय वाचकाला जशीच्या तशी लागू पडत नाही. आर. के. नारायण यांच्या मालगुडीतले घर, बाजार, नातीगोती मराठी वाचकाला परकी नसतात, म्हणून तिथल्या अनोळखी शब्दाचा अंदाजही तो चटकन बांधतो. सोप्या पुस्तकांकडून मूळ कथा-कादंबऱ्यांकडे निघालेल्या वाचकाने भारतीय लेखकांच्या इंग्रजी कथांपासून आरंभ करावा, याला यापेक्षा भक्कम कारण नको. कोल्हापुरात झालेले हे काम महाराष्ट्रातल्या वाचकांना जवळजवळ ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ओळखीच्या शब्दांचे प्रमाण किती असले म्हणजे गोष्ट स्वतःच्या बळावर वाचता येते, हा वेस्ट यांचा प्रश्न २००० मध्ये मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी प्रयोगाने तपासला. एका कथात्मक उताऱ्यातले काही शब्द काढून त्यांनी त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि ६६ विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या प्रमाणातले उतारे दिले. ओळखीचे शब्द ८० टक्के असताना कोणालाच पुरेसे आकलन झाले नाही. ९० आणि ९५ टक्क्यांवर थोड्यांना झाले, बहुतेकांना नाही. बहुसंख्य वाचकांसाठी ९८ टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण लागते, असा निष्कर्ष निघाला. ९८ टक्के म्हणजे पन्नासांत एक अनोळखी शब्द. ढाक्यात वर्गातल्या अनुभवावरून धरलेला आकडा जवळपास पाऊणशे वर्षांनी प्रयोगात तसाच उतरला.

त्या ९८ टक्क्यांसाठी किती शब्द यावे लागतात? नेशन यांनी २००६ मध्ये 'लॉर्ड जिम', 'द टर्न ऑफ द स्क्रू', 'द ग्रेट गॅट्सबी' अशा कादंबऱ्या ब्रिटिश इंग्रजीच्या संगणकीय संग्रहावरून काढलेल्या याद्यांशी ताडून पाहिल्या. विशेषनामे धरून सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात, असे उत्तर आले. २०१४ मध्ये त्यांनी पुढचा हिशेब मांडला. वारंवारतेच्या क्रमाने लावलेल्या यादीतल्या दुसऱ्या हजारातले शब्द दहा-बारा वेळा भेटण्यासाठी साधारण २ लाख शब्दांचे वाचन पुरते. नवव्या हजारासाठी मात्र सुमारे ३० लाख शब्द वाचावे लागतात. पाच हजार शब्दांची एक कथा धरली तर त्या सहाशे कथा होतात. हे वाचन नुसते विखुरलेले असण्यापेक्षा एका लेखकाचे किंवा एका विषयाचे असावे, म्हणजे तेच शब्द लवकर परत भेटतात, असे स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ मध्येच सुचवले होते. एकाच लेखकाचा कथासंग्रह सलग वाचणे त्या दृष्टीने लाभाचे.

हे तीस लाख शब्द कुठून आणायचे, यासाठी नेशन आणि लॉरेन्स अँथनी यांनी मधल्या टप्प्याची पुस्तके करायला घेतली. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके घेऊन ४,०००, ६,००० आणि ८,००० शब्दकुले येणाऱ्या वाचकांसाठी त्यांच्या तीन-तीन आवृत्त्या त्यांनी बेतल्या आणि विनामूल्य खुल्या केल्या. प्रत्येक आवृत्तीत त्या पातळीपलीकडचे शब्द तेवढे बदललेले आहेत. बाकी मजकूर जवळजवळ मूळचाच आहे.